तिसरी-चौथीच्या मुलांना जुन्या गोव्याच्या संग्रहालयात न्यायचंय. काय दाखवू, काय टाळू?

म्हादईकाठ | १७ नोव्हेंबर, रात्री ९:५२

नमस्कार मंडळी,

मी गोव्यात, सत्तरी तालुक्यातल्या म्हादई नदीकाठच्या एका सरकारी प्राथमिक शाळेत शिकवते. तिसरी-चौथी एकत्र, पट ३१. यंदा पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत सहलीचा विषय निघाला तेव्हा नेहमीप्रमाणे वॉटर पार्क, बीच आणि मॉल अशी तीन नावं आली. मी मध्येच जुन्या गोव्याचं पुरातत्त्व संग्रहालय घुसवलं आणि कसं कोण जाणे, मंजूरही झालं. आता निभवायला हवं.

भीती का वाटते ते सांगते. चार वर्षांपूर्वी दुसऱ्या शाळेत असताना आम्ही ८० मुलं घेऊन एका संग्रहालयात गेलो होतो (कुठलं ते जाऊ दे). दोन-दोनच्या रांगा, तोंडावर बोट, "हात लावू नका, पुढे चला". पस्तीस मिनिटांत सगळी दालनं उरकली. दुसऱ्या दिवशी 'मी पाहिलेले संग्रहालय' असा निबंध दिला, तर बहुतेकांनी बसमधली गाणी आणि आइस्क्रीम लिहिलं. एकाने मात्र मन लावून लिहिलं होतं, "काचेच्या कपाटात एक मेलेली पाल होती." खरं तर पाहिलं असं त्या एकानेच.

यंदा तसं नको आहे. तुमच्यापैकी कोणी मुलांना नेलं असेल तर सांगा. आणि मी स्वतः इतिहासाची नाही, हेही लक्षात घ्या.

---

कुळागर | १७ नोव्हेंबर, रात्री १०:१५

बाई, आधी व्यवहाराचं. हे संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. सोमवारी नाही, शुक्रवारी. आमच्या वाड्यावरच्या शाळेची बस एका शुक्रवारी दारापर्यंत जाऊन परत आली होती. चूक आमचीच, कोणी फोनच केला नव्हता. मुलांनी मग समोरच्या हिरवळीवर डबे खाल्ले आणि सहल झाली म्हणून टाळ्या पिटल्या.

१५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. तुमचं आणि बरोबरच्या पालकांचं काढावं लागेल.

दुसरं, २४ नोव्हेंबरपासून सायबाच्या (सेंट फ्रान्सिस झेवियरच्या) फेस्ताच्या नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना, सुरू होतात आणि ३ डिसेंबरला फेस्त. त्या दिवसांत जुन्या गोव्यात ३१ पोरं मोजत फिरायचं म्हणजे ३० घेऊन घरी यायचं. फेस्त होऊ द्या, फेरी (जत्रा) उठू दे, मग जा.

---

रिकामटेकडा | १७ नोव्हेंबर, रात्री १०:२१

पाल अजून आहे का तेवढं बघून या.

---

दगडफोड्या | १८ नोव्हेंबर, सकाळी ६:४०

मी निवृत्त शिक्षक. इतिहास आणि (नाइलाजाने) नागरिकशास्त्र. आयुष्यात तीसेक वेळा तरी मुलं घेऊन तिथे गेलो असेन. पहिली दहा वर्षं तुमच्या त्या पस्तीस मिनिटांच्या पद्धतीने. म्हणून थोडा हक्काने सांगतो.

संग्रहालय दाखवू नका. तीन वस्तू दाखवा. फार तर चार.

त्यातली पहिली वीरगळ, म्हणजे वीराच्या आठवणीचा कोरीव दगड. तुमची पोरं सत्तरीची आहेत, त्यांच्या देवळांच्या आवारात, पिंपळाखाली असले दगड उभे असतात आणि पोरं रोज त्यांच्यावरून उड्या मारतात. तोच दगड संग्रहालयात चौथऱ्यावर दिसला की चेहरे बघण्यासारखे होतात.

वीरगळ खालून वर वाचतात. हे आधी सांगू नका, पोरांना शोधू द्या. सगळ्यात खालच्या पट्टीत लढाई असते. घोडा, ढाल, तलवार, कधी मागे गुरं. गुरं असली तर समजायचं की गावची जनावरं पळवायला कोणी आलं होतं आणि हा गडी आडवा झाला. त्यावरच्या पट्टीत अप्सरा त्याला उचलून नेतात. सर्वात वर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला. आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याचं नाव राहो.

मी मुलांना एकच प्रश्न विचारायचो : "या लढाईत जिंकलं कोण?" सगळे वरच्या पट्टीकडे बोट दाखवून ओरडतात, "हा!" मग विचारायचं, जिंकला असता तर दगड कशाला उभा केला असता? पाच-सहा सेकंद शांतता. मग एखादी मुलगी हळूच म्हणते, "तो मेला ना, सर?" त्या पाच-सहा सेकंदांसाठी मी तीसेक वेळा गेलो असं म्हणा हवं तर.

तिथे कदंबकाळातला जहाजांच्या लढाईचाही वीरगळ आहे. कदंब म्हटलं की आपल्या पोरांना राजे नाही, 'कदंब' नावाची सरकारी बस आठवते. आठवू द्या. बसवर सिंह आहे, कदंब राजांच्या सोन्याच्या नाण्यांवरही सिंह आहे, तिथूनच सुरुवात करा.

---

म्हादईकाठ | १८ नोव्हेंबर, दुपारी ३:१०

सर, हे वाचून अंगावर काटा आला. आमच्या शाळेच्या वाटेवरच असा एक दगड आहे आणि मी स्वतः इतकी वर्षं त्याला नुसता 'देवाचा दगड' समजत होते.

पण तीनच वस्तू दाखवल्या तर पालक म्हणतील, एवढं बसभाडं देऊन तीन दगड?

---

साखरमाण | १८ नोव्हेंबर, दुपारी ४:०२

म्हणू द्या. मॉलमध्ये तर एकच सरकता जिना दाखवतात.

---

मिरामारची वाळू | १८ नोव्हेंबर, रात्री ८:३०

मी पालक म्हणून लेकीच्या वर्गाबरोबर गेले होते. तिला वीरगळापेक्षा वरच्या मजल्यावरची मोठाली तैलचित्रं आवडली. पोर्तुगीज गव्हर्नर आणि व्हाइसरॉय, ओळीने उभे. मुलांना नावं सांगायच्या भानगडीत पडू नका, मोठ्यांच्याही लक्षात राहत नाहीत. आमच्या बाईंनी खेळ लावला होता : सगळ्यात रागीट कोण? कोणाचे बूट सगळ्यात विचित्र? कोणाच्या हातात काठी, कोणाच्या हातात तलवार? पोरं एकेका चित्रासमोर पाच-पाच मिनिटं उभी होती. कपडे शंभर-शंभर वर्षांनी कसे बदलत गेले हे त्यांनी आपसूक सांगितलं : आधी चिलखत, मग झालरी, मग केसांचे टोप.

या चित्रांची गोष्टही सांगण्यासारखी आहे. ती मालिका १५४७ साली जुआंव द कास्त्रो या गव्हर्नरने सुरू करवली. आखणी गास्पार कोरैया या पोर्तुगीज इतिहासकाराची, आणि रंगवणारा इथल्याच मातीतला चित्रकार. म्हणजे पाटीवर नाव साहेबाचं, कुंचला आपल्या माणसाचा.

---

रोखठोक | १८ नोव्हेंबर, रात्री ९:११

ज्यांनी साडेचारशे वर्षं राज्य केलं त्यांचे फोटो लहान मुलांना कौतुकाने दाखवायचे? १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त कशासाठी झालं मग? न्यायचंच तर राज्य संग्रहालयातलं इन्क्विझिशनचं (चर्चच्या धर्मन्यायालयाचं) टेबल दाखवा. १५६० ते १८१२ काय चाललं होतं ते कळू दे पोरांना.

---

दगडफोड्या | १८ नोव्हेंबर, रात्री १०:०५

रोखठोक, टेबल मीही दाखवलंय. दहावीच्या मुलांना. ती वेळ, तो वर्ग आणि पुढचे दोन तास चर्चेला हाताशी असले तरच. आठ वर्षांच्या पोराला मी ते टेबल दाखवलं तर त्याला दिसेल फक्त टेबल, किंवा रात्री पडेल स्वप्न. दोन्हींत इतिहास नाही.

आणि चित्र दाखवणं म्हणजे आरती ओवाळणं नव्हे. आल्बुकेर्कचा पुतळा संग्रहालयात उभा आहे. १५१० साली ज्याने गोवा जिंकलं तो आता छपराखाली उभा राहून शाळेच्या पोरांकडून "याची दाढी बघ रे" ऐकून घेतो. स्वातंत्र्याचा अर्थ मुलांना यापेक्षा सोप्या शब्दांत मला तरी सांगता आला नाही.

---

रोखठोक | १८ नोव्हेंबर, रात्री १०:४०

दाढीचा मुद्दा मान्य. बाकी मतभेद कायम.

---

काव आणि चुना | १९ नोव्हेंबर, सकाळी ११:२०

चित्रकलेचा शिक्षक बोलतोय. बाई, मोबाइल बसमध्येच ठेवायला लावा (पालकांनासुद्धा) आणि प्रत्येक मुलाला पुठ्ठा, दोन कोरे कागद, कपडे वाळत घालायचे दोन चिमटे आणि पेन्सिल द्या. पेन नको. शाईचा डाग पडायची धास्ती तिथल्या लोकांना असते आणि ती रास्त आहे.

आख्खी मूर्ती काढायला सांगू नका. आख्खी मूर्ती काढताना पोरं मूर्तीकडे बघतच नाहीत, डोक्यातला बाप्पा काढतात. "फक्त पाय काढ", "फक्त घोड्याचं तोंड काढ", "या बाईच्या हातातल्या बांगड्या मोजून काढ" असं सांगा. मोजायला लागलं की डोळे उघडतात.

परत आल्यावर एक दिवस कावी करून बघा. आपल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर ते लाल-पांढरं काम असतं ना, तेच. चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर, आणि तो ओला असतानाच अणकुचीदार हत्याराने खरवडायचा, की खालचा पांढरा चुना नक्षी होऊन वर येतो. वर्गात चुना नको, डोळ्यांत जातो. पांढऱ्या कागदावर मेणबत्ती कचकचून घासायची, वर विटकरी पोस्टर कलर, त्यात चिमूटभर कपडे धुण्याची पावडर म्हणजे रंग मेणावर बसतो, आणि वाळला की खिळ्याने खरवडायचं. शंभरदा केलंय, जमतं.

मोठ्या मुलांसाठी अजून एक ठिकाण सुचवतो. पणजीत फोंतेंयश भागात फुंदासांव ओरियंतच्या वास्तूत आंतोनियु शाविएर त्रिंदाद यांची चित्रं आहेत. १८७० चा जन्म, मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकले आणि शिकवलं, माणसं रंगवावीत तर त्यांनी. तिसरीला नको, आठवीला जरूर.

---

केपेंकार | १९ नोव्हेंबर, दुपारी १:४५

दक्षिणेकडे कोणी बघणार की नाही? रिवणजवळ उसगाळीमळला कुशावतीच्या काठावर जांभ्या खडकावर शंभरावर आकृत्या कोरल्या आहेत. बैल, हरणं, माणसं आणि ते प्रसिद्ध गोल चक्रव्यूह. १९९३ साली अभ्यासकांच्या नजरेला आलं. गावच्या गुराख्यांना त्याआधीपासून माहीत होतंच. ना काच, ना रांग. भर दुपारी गेलात तर मात्र काही दिसणार नाही, उन्हं तिरकी असताना जा. आणि बूट काढून चाला.

पण सत्तरीहून लांब पडेल हे खरं. पुढच्या वर्षी या.

---

पुणेरी तुळस | १९ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:३०

गोव्यात नसूनही लुडबुड करते. आमच्याकडे सहलीआधी मुलांना छापील प्रश्नपत्रिका देतात, रिकाम्या जागा भरा छाप. त्याने मुलं शिस्तीत राहतात. उपयोग होईल का?

---

म्हादईकाठ | १९ नोव्हेंबर, रात्री ८:१५

तुळसताई, लुडबुड कसली, विचारलंत ते बरंच झालं. पण मला वाटतं मग पोरं वस्तू सोडून पाट्या वाचत सुटतील. एकीने उत्तर शोधलं की बाकी तीस जणी-जण तिच्या खांद्यावरून उतरवणार. शिस्त येईल, बाकी काही येणार नाही. मी काव-चुना सरांचे पुठ्ठे आणि चिमटेच धरते.

---

आंबाडेंलोणचें | १९ नोव्हेंबर, रात्री ९:००

सगळे विद्वान बोलून झाले असतील तर उलटीबद्दल बोलू का? घाटातनं नाही पण वळणावळणाने सव्वा तास बस म्हणजे किमान चार मुलं ओकणार. सकाळी बटाटवडा नको, सुकी पोळी द्या. पुढच्या सीटवर बसवा. पिशव्या आणि ओला नॅपकिन. बालरथ (शाळेची बस) मिळत नसेल तर बसवाल्याला सांगा की सीटपेक्षा जास्त मुलं चढवणार नाही, म्हणजे तो आधीच मिनीबस पाठवणार नाही.

आणि आत शिरायच्या आधी सर्वांना 'एक नंबर'ला नेऊन आणा. दगड हजार वर्षं थांबलाय, अजून दहा मिनिटं थांबेल.

---

कुळागर | १९ नोव्हेंबर, रात्री ९:०६

आंबाडेंबाय, +१. या धाग्यातला सर्वांत उपयोगी प्रतिसाद.

---

म्हादईकाठ | १४ डिसेंबर, रात्री ९:३०

मंडळी, जाऊन आलो! गेल्या मंगळवारी. वृत्तान्त जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आदल्या दिवशी वर्गात स्टीलच्या डब्याचं झाकण चकचकीत पुसून प्रत्येकाला एकदा बोट लावायला दिलं. ३१ बोटं लागल्यावर झाकण इतकं घाण दिसायला लागलं की "हात का लावायचा नाही" यावर मला एक शब्दही बोलावा लागला नाही. आत गेल्यावर एकाने नकळत हात पुढे केला तर शेजारचीच ओरडली, "झाकण! झाकण!"

बसमध्ये दोघेच ओकले. (आंबाडेंताई, तुमचे उपकार.)

पाच गट केले, चार सहा-सहांचे आणि एक सातांचा, प्रत्येकाबरोबर एक आई. आधी बासिलिकासमोर थांबलो. मुलांना वाटलं होतं चर्च पांढरं असतं, हे लाल का? गिलावा १९५० च्या दशकात काढून टाकला आणि आतला जांभा उघडा पडला, असं सांगितलं. एक जण म्हणाला, म्हणजे आमच्या घरासारखंच आहे, आमचंही गिलाव्याचं राहिलंय.

वीरगळासमोर आम्ही जवळजवळ पाऊण तास होतो. पोरं चक्क फरशीवर पालथी पडून काढत होती. मला वाटलं आता ओरडा बसणार. तर तिथले एक सुरक्षारक्षक आले, खिशातून छोटी बॅटरी काढली आणि दगडाच्या बाजूने तिरका उजेड पाडला. झिजलेला घोडा एकदम उठून आला! मुलांच्या तोंडून "आआआ" असा आवाज निघाला, जसा चतुर्थीत माटोळी (गणपतीवरचं फळापानांचं छत) बांधून झाल्यावर निघतो. केपेंकारांनी तिरक्या उन्हाचं लिहिलं होतं त्याचा अर्थ मला तेव्हा कळला.

दगडफोड्या सर, तुमचा प्रश्न विचारला. "जिंकलं कोण?" आमच्याकडे शांतता पाच सेकंदांची नव्हती. चौथीतला एक मुलगा लगेच म्हणाला, "बाई, गोरवां जिकलीं." गुरं जिंकली! ती वाचली ना, म्हणून. मी आणि सोबतच्या आया एकमेकींकडे बघतच राहिलो.

आता अवघड भाग. सतीशिळेची मी तयारी केलीच नव्हती, मुलांनीच ती शोधली. दगडातून बाहेर आलेला कोपरात वाकलेला हात, त्यात बांगड्या. "बाई, हिचा एकच हात का? बाकीची बाई कुठे आहे?" तिसरीतल्या एका मुलीने स्वतःच उत्तर दिलं, "ती टाटा करते." मला दोन क्षण बोलताच येईना. मग खाली बसून सरळ सांगितलं : पूर्वी काही ठिकाणी नवरा मेला की त्याच्या बायकोलाही त्याच्याबरोबर जाळत, हे वाईट होतं, आता कायद्याने बंद आहे, आणि हा तिच्या आठवणीचा दगड आहे. कोणी काही बोललं नाही. त्या मुलीने बांगड्या मोजून काढल्या आणि कागदाच्या कोपऱ्यात त्या हातासमोर दुसरा एक छोटा हात काढला, टाटा करणारा. तो कागद मी जपून ठेवलाय.

बरोबर सांगितलं की चूक, अजून ठरत नाहीये. घरी जाऊन एका मुलाने आजीला विचारलं आणि आजीने मला निरोप पाठवला की "पोरांना असलें सांगू नकात". दुसऱ्या दिवशी दुसऱ्या एका आजीने बोलावून चहा पाजला.

व्हाइसरॉयांना वीसच मिनिटं मिळाली. सर्वांत रागीट कोण यावर एकमत झालं नाही, सर्वांत विचित्र बुटांवर झालं.

---

रिकामटेकडा | १४ डिसेंबर, रात्री ९:५५

गुरं जिंकली!! एवढ्यासाठी लॉग इन केलं. वाचनखूण साठवली.

---

पुणेरी तुळस | १४ डिसेंबर, रात्री १०:१०

तो टाटा करणारा छोटा हात. डोळ्यांत पाणी आलं. रिकाम्या जागांचा सल्ला मागे घेते.

---

दगडफोड्या | १५ डिसेंबर, सकाळी ६:२५

बाई, सतीशिळेचं तुम्ही सांगितलंत तेच बरोबर. मी तीस वर्षांत मुलांना 'वीरपत्नीचं स्मारक' एवढंच सांगून पुढे सरकत आलो. आणि "गोरवां जिकलीं" हे उत्तर मला एकदाही मिळालं नाही. माझी सगळी मुलं शहरातली होती.

---

म्हादईकाठ | २२ डिसेंबर, संध्याकाळी ७:४०

एक मदत हवी आहे. परवा शाळेच्या वाटेवरच्या त्या दगडापाशी मुलं मला ओढून घेऊन गेली. "बाई, असोच फातर!" शेवाळं आहे, तेलाचा थर आहे, आणि कोणीतरी माथ्यावरच्या चंद्र-सूर्याला ऑइलपेंट फासलाय. वरच्या दोन पट्ट्या दिसतात, शिवलिंग आणि अप्सरा. सगळ्यात खालची पट्टी मात्र जमिनीत गाडली गेलीय. मुलं म्हणतात, वाचायला सुरुवात तिथूनच करायची तर ती उकरूया. दोघे घरून खुरपं घेऊनही आलेत.

---

दगडफोड्या | २२ डिसेंबर, रात्री ८:०५

खुरपं आधी काढून घ्या! उकरायचं नाही, घासायचं नाही, खडूने रेघा भरायच्या नाहीत. शेवाळ्यालाही ब्रश नको. पाया मोकळा झाला की पावसाळ्यात दगड आडवा होतो, मी असे दोन आडवे झालेले पाहिलेत. उंची-रुंदी टेपने मोजा, सकाळच्या तिरक्या उन्हात चारी बाजूंनी फोटो काढा आणि पुरातत्त्व खात्याला शाळेच्या लेटरहेडवर पत्र द्या. त्याआधी देवस्थानच्या लोकांना विचारा, तो त्यांचा देव आहे.

---

म्हादईकाठ | २३ डिसेंबर, रात्री ८:५०

खुरपी जप्त. देवस्थानचे अध्यक्ष हो म्हणाले, पत्र नाताळच्या सुट्टीनंतर जाईल.

तोवर मुलांना सांगितलं की गाडलेल्या पट्टीत काय असेल ते ज्याने त्याने काढा. बहुतेकांनी गुरं आणि वाघ काढलेत. "गोरवां जिकलीं"वाल्याने मात्र शिडाचं मोठं जहाज काढलंय. अरे, आपल्या सत्तरीत जहाज कुठून येणार, विचारलं. माझ्याकडे असा बघितला, जणू मला काही कळतच नाही, आणि म्हणाला, "म्हादयींतल्यान."